पेशीतील जनुकीय लेखन आणि औषधिद्रव्यांची ओळख

औषधनिर्मितीची पहिली पायरी म्हणजे द्रव्याची ओळख. पाठ कितीही शास्त्रशुद्ध असला, भावना विधिपूर्वक दिल्या असल्या आणि वैद्याचे रोगनिदान अचूक असले, तरी मुळात पोत्यातून आलेले द्रव्य दुसरेच असेल तर पुढील सर्व परिश्रम वाया जातात. चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या पहिल्याच अध्यायात या प्रश्नाचा विचार केला आहे. शेळ्यामेंढ्या व गुरे राखणारे आणि वनात वावरणारे लोक वनस्पतींना नामरूपाने ओळखतात. परंतु त्यांचा योग जाणणारा तो खरा तत्त्ववेत्ता, असा त्या विवेचनाचा आशय आहे. त्या काळी वैद्य आणि गुराखी यांच्यात फार अंतर नव्हते. आज मात्र वनातून द्रव्य गोळा करणारा, गावचा दलाल, मोठ्या बाजारपेठेतील घाऊक व्यापारी, भरड करून देणारा गिरणीवाला अशा अनेक हातांतून माल फार्मसीत येतो. तोवर पाने, फुले व फळे गळून गेलेली असतात. हाती उरते ती साल, मूळ, कांड किंवा नुसते चूर्ण. रूप हरपलेल्या द्रव्याचे नाव कसे पटवावे?

या प्रश्नाला आधुनिक जीवशास्त्राने दिलेले एक उत्तर म्हणजे डीएनए परीक्षण. गेल्या दोन दशकांत या परीक्षणाचा बराच गाजावाजा झाला. काहींना ते सर्व भेसळीवरील रामबाण उपाय वाटते, तर काहींना तो केवळ खर्चिक सोपस्कार वाटतो. दोन्ही मते अपुऱ्या माहितीवर आधारलेली आहेत. हे परीक्षण काय सांगू शकते आणि काय सांगू शकत नाही, हे समजण्यासाठी पेशीत जनुकीय माहिती कशी मांडलेली असते आणि पेशी ती कशी वापरते, हे प्रथम पाहिले पाहिजे. प्रस्तुत लेखाचा हाच हेतू आहे.

माहितीची मांडणी

प्रत्येक सजीवाच्या पेशीत डीएनए नावाचा अतिशय लांब रेणू असतो. १९५३ साली वॉटसन व क्रिक यांनी त्याची दुपदरी, पीळदार रचना मांडली. रोझलिंड फ्रँकलिन आणि विल्किन्स यांच्या क्ष-किरण अभ्यासाचा त्या शोधाला मोठा आधार होता. या पिळाच्या दोन पदरांमध्ये अॅडेनाइन, थायमाइन, ग्वानाइन व सायटोसाइन ही चार आधारद्रव्ये ओळीने बसलेली असतात. अॅडेनाइनसमोर थायमाइन आणि ग्वानाइनसमोर सायटोसाइन, ही जोडी ठरलेली असते. त्यामुळे एक पदर ठाऊक असला की दुसरा आपोआप कळतो, आणि पेशीविभाजनाच्या वेळी एकाच्या दोन अचूक प्रती तयार होऊ शकतात. चार अक्षरांची ही लिपी असून तिचा क्रम हीच माहिती होय.

मानवाच्या एका पेशीतील ४६ गुणसूत्रांमधील डीएनए सरळ ताणला तर त्याची लांबी सुमारे दोन मीटर भरते. एवढा धागा मिलिमीटरच्या काही सहस्रांश व्यासाच्या केंद्रकात मावतो, तो त्याच्या गुंडाळणीमुळे. आठ हिस्टोन प्रथिनांच्या एका गठ्ठीभोवती सुमारे १४७ अक्षरजोड्यांचा धागा वेढे घेतो. अशा गाठींची माळ पुन्हा घड्या घालून दाट होते. या गाठीला न्यूक्लिओसोम म्हणतात. ही गुंडाळणी केवळ जागेच्या सोयीसाठी नाही. जो भाग घट्ट मिटलेला असतो तो सहसा वाचला जात नाही आणि जो सैल असतो तोच वाचता येतो. मांडणीतच वापराचे नियंत्रण दडलेले आहे.

या लांबलचक लेखनातील ज्या भागावरून एखादे प्रथिन किंवा कार्यकारी आरएनए तयार होतो, त्याला जनुक म्हणतात. मानवात प्रथिनांची माहिती देणारी सुमारे वीस हजार जनुके आहेत. पण त्यांतील प्रत्यक्ष प्रथिने घडविणारे लेखन एकूण डीएनएच्या एक ते दोन टक्केच भरते. उरलेल्या भागात नियंत्रणाचे संकेत, मधली अंतरे, पुनरुक्ती असे बरेच काही असते.

वनस्पतींमध्ये हे लेखन एके ठिकाणी नसून तीन ठिकाणी असते. मुख्य संग्रह केंद्रकात असतो. दुसरा छोटा संग्रह तंतुकणिकेत आणि तिसरा हरितलवकात असतो. हरितलवकातील संग्रह बहुतेक औषधी वनस्पतींत साधारण सव्वा ते दीड लाख अक्षरजोड्यांचा असतो. एका पेशीत अनेक लवके आणि प्रत्येक लवकात त्या संग्रहाच्या अनेक प्रती असल्याने पानाच्या एका पेशीत त्याच्या शेकडो ते हजारो प्रती सापडतात. ही बाब परीक्षणाच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. कारण वाळलेल्या, जुन्या द्रव्यात बहुतेक डीएनए तुटून गेला तरी एवढ्या प्रतींपैकी काही तरी वाचनीय राहतात.

माहितीचा वापर

पेशी जनुकाचा मूळ लेख केंद्रकाबाहेर नेत नाही. हव्या त्या जनुकाची आरएनएच्या रूपात नक्कल केली जाते, तिच्यातील अनावश्यक तुकडे कापून उरलेले भाग जोडले जातात आणि ती नक्कल रायबोसोमकडे जाते. तेथे तीन-तीन अक्षरांचे एकेक पद वाचून त्याप्रमाणे एकेक अमिनो आम्ल जोडले जाते. चार अक्षरांची अशी ६४ पदे होतात. त्यांतील ६१ पदे वीस अमिनो आम्लांसाठी आहेत आणि तीन पदे थांबण्याची खूण आहेत. हा संकेत उलगडण्याच्या कार्याबद्दल १९६८ साली निरेनबर्ग व हॉली यांच्यासमवेत हरगोविंद खुराना यांना नोबेल पारितोषिक मिळाले, हे आपणांस विदित आहेच.

परंतु वैद्यांच्या दृष्टीने अधिक अर्थपूर्ण प्रश्न पुढचा आहे. एकाच वनस्पतीच्या मुळात, सालीत, पानात व बीजात गुणधर्म भिन्न का? त्यांच्या पेशींतील जनुके वेगळी असतात काय? याचे उत्तर नकारार्थी आहे. १९५८ साली अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात स्टुअर्ड यांनी गाजराच्या मुळातील पेशी पोषक द्रावात वाढवून त्यांपासून पुन्हा संपूर्ण वनस्पती निर्माण करून दाखविली. मुळाच्या पेशीतही पान, फूल व बीज घडविण्याची सर्व माहिती शाबूत असते, हे त्यातून सिद्ध झाले. आज ज्या ऊतिसंवर्धित रोपांची लागवड होते, तिचा पाया हाच आहे.

भेद आहे तो वापरात. कोणते जनुक केव्हा, कोठे आणि किती प्रमाणात वाचावे याचे नियंत्रण करणारी स्वतंत्र यंत्रणा असते. फ्रान्समधील जाकोब व मोनो यांनी १९६१ साली जीवाणूंवरील प्रयोगांतून या नियंत्रणाचे पहिले सुस्पष्ट चित्र मांडले. उच्चवर्गीय सजीवांत ही यंत्रणा अधिक गुंतागुंतीची आहे. संहिता सर्वांजवळ एकच असते. पण कायचिकित्सक चिकित्सास्थान उघडतो आणि औषधनिर्माता कल्पस्थान. तसेच मुळाची पेशी व पानाची पेशी एकाच ग्रंथातील निरनिराळी प्रकरणे वाचतात. त्या त्या प्रकरणातून जी विकरे तयार होतात, तीच अल्कलॉइड, ग्लायकोसाइड, टॅनिन, सुगंधी तेल ही कार्यकारी द्रव्ये घडवितात.

भूमी, ऋतू, वय, पाण्याचा ताण, किडीचा उपद्रव यांनुसारही हे वाचन बदलते. प्रशस्त भूमीत वाढलेले, योग्य काळी उचललेले, योग्य अंग असलेले द्रव्य घ्यावे, असा आग्रह चरकाचार्यांनी कल्पस्थानात धरला आहे. त्या आग्रहाला या ज्ञानातून एक कारणमीमांसा मिळते. मात्र येथे एक सावधगिरी हवी. शारीरस्थानातील बीज, बीजभाग व बीजभागावयव या संज्ञा पाहून गुणसूत्रे व जनुके प्राचीनांना ठाऊकच होती, असे काही लेखक मांडतात. बीजभागाच्या दुष्टीमुळे विशिष्ट अवयवात विकृती उत्पन्न होते, हे निरीक्षण निःसंशय सखोल आहे. त्याचा गौरव करण्यासाठी त्यावर विसाव्या शतकातील रसायनशास्त्र लादण्याची आवश्यकता नाही.

ओळख पटविण्याची पद्धत

कॅनडातील ग्वेल्फ विद्यापीठाचे पॉल हेबर्ट यांनी २००३ साली अशी कल्पना मांडली की, डीएनएचा एक ठराविक छोटा तुकडा वाचून प्रजाती ओळखता यावी. दुकानातील मालावरील पट्ट्यांच्या खुणेवरून तिला डीएनए बारकोड हे नाव पडले. प्राण्यांसाठी त्यांनी तंतुकणिकेतील एक जनुक निवडले. वनस्पतींत तंतुकणिकेतील जनुके फार सावकाश बदलत असल्याने ते चालत नाही. म्हणून २००९ साली या विषयावरील आंतरराष्ट्रीय गटाने हरितलवकातील आरबीसीएल व मॅटके या दोन जनुकांची शिफारस केली. पुढे केंद्रकातील आयटीएस या भागाचाही औषधी वनस्पतींसाठी मोठ्या प्रमाणावर वापर होऊ लागला.

ही निवड समजून घेण्याजोगी आहे. आरबीसीएल हे जनुक हवेतील कार्बन डायऑक्साइड बांधणाऱ्या विकराचा मोठा घटक घडविते. वनस्पतीचे जीवन त्यावर अवलंबून असल्याने त्यात मोठे बदल टिकत नाहीत. त्यामुळे ते जवळजवळ सर्व वनस्पतींत सहज सापडते आणि कुल व वंश ओळखण्यास उत्तम. पण सख्ख्या प्रजातींत फरक दाखविण्यास अपुरे पडते. याउलट आयटीएस हा दोन जनुकांमधील अंतराचा भाग आहे. त्यातील बदलांनी वनस्पतीचे फारसे बिघडत नाही, म्हणून बदल साचत जातात आणि जवळच्या प्रजातीही वेगळ्या ओळखू येतात. एकाच तुकड्यावर विसंबणारा अहवाल म्हणूनच अपुरा मानावा.

नमुन्यातून डीएनए काढल्यावर हवा तो तुकडा पीसीआर पद्धतीने वाढविला जातो. कॅरी म्युलिस यांनी १९८३ साली शोधलेल्या या पद्धतीत तापविणे व निवविणे यांच्या प्रत्येक आवर्तनात प्रती दुप्पट होतात; तीस आवर्तनांत एका प्रतीच्या तत्त्वतः सुमारे १०७ कोटी प्रती होतात. मग त्याचा अक्षरक्रम वाचून संदर्भसंग्रहाशी ताडला जातो. आपल्या सालींतील टॅनिन व चिकट द्रव्ये या क्रियेत अडथळा आणतात. त्यामुळे वनौषधींचा अनुभव नसलेल्या प्रयोगशाळेत चांगल्या नमुन्याचीही चाचणी फसू शकते.

जेथे हे परीक्षण तारते

अशोकाचे उदाहरण प्रथम घेऊ. अशोकारिष्टासाठी हवी असलेली साल सीता अशोकाची, म्हणजे सराका असोकाची. हा शिंबी कुलातील वृक्ष निसर्गात दुर्मीळ होत चालला आहे. रस्त्याकडेला व बंगल्यांच्या आवारात सरळसोट वाढणारा, ज्याला सर्रास अशोक म्हटले जाते, तो पॉलिअल्थिया लाँगिफोलिया असून सीताफळाच्या कुलातील आहे. बाजारातील अशोक सालीच्या २५ नमुन्यांच्या डीएनए व रासायनिक तपासणीवर आधारित एक भारतीय अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्यात ऐंशी टक्क्यांहून अधिक नमुने अशोकाचे नव्हतेच. ते किमान सात निरनिराळ्या कुलांतील वनस्पतींचे होते. नमुने थोडे असले तरी ज्या रुग्णांना आपण अत्यार्तवासाठी हे औषध देतो, त्यांच्या दृष्टीने ही बाब गंभीर आहे.

दुसरे उदाहरण दारुहळदीचे. बर्बेरिस अॅरिस्टाटा या हिमालयीन झुडपाऐवजी दक्षिणेकडील कॉसिनियम फेनेस्ट्रेटम या वेलीचे कांड दारुहळद म्हणून विकले जाते. दोहोंचा रंग पिवळा, आणि बर्बेरिन दोहोंतही असते. बर्बेरिन आढळले म्हणजे दारुहळद खरी, असे मानणारी फार्मसी येथे हमखास फसते. डीएनए परीक्षणात मात्र ही दोन भिन्न कुले लगेच वेगळी पडतात. शंखपुष्पी या एकाच नावाने येणाऱ्या वनस्पती, तसेच ब्राह्मी व मंडूकपर्णी यांचा घोळ, येथेही हाच उपयोग आहे. या ठिकाणी प्रत्येक वेळी लबाडी असतेच असे नाही. प्रांतोप्रांतीच्या नामभेदामुळेही द्रव्य बदलते.

तिसरे उदाहरण गुळवेलीचे असून ते आपल्या व्यवसायाच्या विश्वासार्हतेशी निगडित आहे. २०२१ साली मुंबईतील यकृतरोगतज्ज्ञांनी गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांत यकृताला इजा झाल्याचे प्रसिद्ध केले. घेतलेल्या वनस्पतीची शास्त्रीय ओळख पटविलेली नाही आणि टिनोस्पोरा क्रिस्पा ही वेगळी प्रजाती गुळवेल म्हणून वापरली गेली असण्याची शक्यता आहे, असा आक्षेप आयुष मंत्रालयाने त्याच वर्षी घेतला. पुढे २०२२ साली अनेक केंद्रांतील ४३ रुग्णांचा अहवालही प्रसिद्ध झाला. या वादात आपली बाजू भावनेने मांडून भागणार नाही. जी फार्मसी आपल्या प्रत्येक घाण्यातील गुळवेलीचा राखून ठेवलेला नमुना व ओळखीचा अहवाल दाखवू शकेल, तीच प्रजातीबद्दल ठामपणे बोलू शकेल. अर्थात, प्रजाती योग्य ठरली म्हणजे औषध प्रत्येक रुग्णात निर्धोक ठरले, असे होत नाही. अशा रुग्णांची नोंद व औषधसुरक्षा केंद्रांना कळविणे हे आपले कर्तव्यच आहे.

जेथे हे परीक्षण मौन पाळते

आता दुसरी बाजू. ऑक्टोबर २०२१ मध्ये आयुष मंत्रालयाने उत्पादकांना अश्वगंधेच्या पानांचा वापर टाळण्याविषयी सूचना दिली. मुळाच्या चूर्णात किंवा अर्कात स्वस्त पाने मिसळण्याचा प्रकार पाहता ती आवश्यकच होती. पण पानांची भेसळ बारकोडने कळेल काय? कळणार नाही. पान व मूळ यांचे जनुकीय लेखन एकच. मुळाच्या पेशीत हिरवा रंग नसला तरी लवके असतात आणि त्यांतील लेखनही तेच असते. पूर्वी पाहिल्याप्रमाणे फरक वाचनात आहे, लेखात नाही. विथाफेरिन-ए हे द्रव्य पानांत मुळापेक्षा पुष्कळ अधिक असते. म्हणून येथे सूक्ष्मदर्शकाखाली चूर्ण पाहणे आणि रासायनिक परीक्षण करणे हाच मार्ग आहे. चूर्णात पर्णरंध्रे दिसली तर त्यात पाने आहेत, हे साध्या सूक्ष्मदर्शकानेही कळते.

याच कारणाने कोवळे की जून, कोणत्या ऋतूत काढलेले, कोणत्या भूमीतले, हे बारकोड सांगत नाही. सत्त्व काढून घेतलेला ज्येष्ठमधाचा चोथा चूर्ण करून विकला, तरी त्यात वाचनीय डीएनए उरला असल्यास अहवाल ज्येष्ठमध असाच येईल. भेसळीचे प्रमाणही हे परीक्षण विश्वासाने सांगत नाही. गिरणीत आधी दळलेल्या दुसऱ्या द्रव्याची धूळही वाढून दिसू शकते, आणि ओलसर पोत्यातील बुरशीचा डीएनए खऱ्या द्रव्यावर मात करू शकतो.

सर्वांत मोठी मर्यादा कल्पनांची आहे. काढा, घन, आसवारिष्ट यांत दीर्घकाळ उष्णता व आम्लता यांमुळे डीएनए तुटतो. भस्मात तो उरण्याचा प्रश्नच नाही. अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्याच्या महान्यायवादींनी फेब्रुवारी २०१५ मध्ये डीएनए चाचणीच्या आधारे चार मोठ्या विक्रेत्या साखळ्यांना त्यांची काही वनौषधी उत्पादने विकणे थांबविण्यास कळविले. त्यावर अनेक शास्त्रज्ञांनी आक्षेप घेतला की अर्कांत डीएनए न सापडणे म्हणजे वनस्पती नसणे नव्हे. पुढे त्यांपैकी एका कंपनीने प्रक्रियेपूर्वीच्या कच्च्या वनस्पतींचे डीएनए परीक्षण करण्याचे मान्य केले. परीक्षणाची योग्य जागा कोणती, हे या प्रकरणातून स्पष्ट होते.

फार्मसीसाठी व्यवहार्य क्रम

१. नमुना पोते उघडताना, भरड करण्यापूर्वी आणि अनेक पोत्यांतून घ्यावा. त्याचा एक भाग कोरड्या जागी मोहोरबंद ठेवावा.

२. प्रथम रूप, गंध, रस यांवरून व सूक्ष्मदर्शकाने परीक्षा करावी. अनेक भेसळी येथेच उघड होतात आणि यास खर्च अल्प येतो.

३. त्यानंतर भारतीय आयुर्वेदिक फार्माकोपियातील मानकांप्रमाणे राख, अर्कमूल्य व पातळ थराची वर्णलेखन परीक्षा करावी.

४. ज्या द्रव्यांत प्रजातीचा घोळ प्रसिद्ध आहे, अशांपुरतेच डीएनए परीक्षण करावे. प्रत्येक पोत्याला ते करण्याची गरज नाही. नवा पुरवठादार, नवा प्रदेश किंवा असामान्य स्वस्त भाव असेल तेव्हा ते अवश्य करावे.

५. प्रयोगशाळेला दोन प्रश्न विचारावेत: किती तुकडे वाचले, आणि तुलना कशाशी केली? सार्वजनिक संग्रहांतील काही नोंदी चुकीच्या नावाखाली असतात. हर्बेरियममध्ये जतन केलेल्या, तज्ज्ञाने ओळख पटविलेल्या नमुन्याशी तुलना असेल तर अहवालाला वजन येते. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे पश्चिम विभागीय केंद्र आणि आघारकर संशोधन संस्था यांचे वनस्पतिसंग्रह आहेत, ही आपल्या भागातील वैद्यांची मोठी सोय आहे.

लहान फार्मसींना हा खर्च एकट्याने पेलणे कठीण जाते. एकाच व्यापाऱ्याकडून माल घेणाऱ्या चार-पाच फार्मसींनी एकत्र येऊन खरेदी केली आणि त्या मालाचे एकदाच परीक्षण करून घेतले, तर खर्च विभागला जातो व व्यापाऱ्यावरही वचक राहतो. जिल्हा शाखांनी या दृष्टीने पुढाकार घ्यावा.

पेशीतील लेखन वाचून वनस्पतीचे नाव निश्चित करता येते. वीर्य, योग्य अंग, योग्य काल आणि योग्य मात्रा यांचा निर्णय त्या वाचनातून होत नाही. तो आजही वैद्याच्या व औषधनिर्मात्याच्या परीक्षेवरच अवलंबून आहे. म्हणून पोते फार्मसीत उतरले की प्रथम नाव पटवावे, मग गुण तपासावे, आणि दोन्हींची लेखी नोंद ठेवूनच ते द्रव्य खलात घ्यावे.